बैलाच्या कातड्याएवढे राज्य

खोपट म्हणजे गवताची, पालापाचोळ्याची झोपडी. ठाण्यात आज खोपट म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे एसटीचे स्थानक येते, गाड्यांची ये-जा येते. शब्दाचा मूळ अर्थ फारसा कुणाला आठवत नाही. पण ठाण्याहून भिवंडी, वाडा करत उत्तरेला निघालेल्या माणसाला तो अर्थ हळूहळू परत भेटू लागतो. गोदामे मागे पडतात, भाताची खाचरे लागतात, मग रस्ता वळणे घेत चढू लागतो आणि दोन्ही बाजूंना कुडाच्या भिंती, गवताने शाकारलेली छपरे, अंगणात वाळत घातलेली नागली दिसू लागते. शंभरएक किलोमीटरची वाट संपते ती सुमारे दीड हजार फूट उंचीवरच्या एका लहानशा गावात. गावाच्या कडेला, झाडीत, गुलाबी छटेच्या दगडाचा घुमटदार राजवाडा उभा आहे. गाव जव्हार. वाडा मुकणे घराण्याचा. या घराण्याने इथे सहाशे वर्षांहून अधिक काळ राज्य केले आणि हे घराणे महादेव कोळी, म्हणजे आदिवासी होते.

ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम ठसवून सांगतो. महाराष्ट्रातली संस्थाने म्हटली की आपल्याला कोल्हापूर, सांगली, औंध, मिरज, सावंतवाडी आठवते. ज्या राजाचे भाऊबंद डोंगरात नागली-वरई पिकवत होते, त्याचे संस्थान आपल्या पाठ्यपुस्तकांच्या नकाशावर एका टिंबापलीकडे क्वचितच गेले. ठाणेकरांना तर हे राज्य शेजारचेच, पण त्यांच्याही बोलण्यात जव्हार येते ते पावसाळी सहलीचे ठिकाण म्हणून.

राज्याच्या जन्माची कथा जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये नोंदली आहे आणि जव्हारच्या परिसरात ती आजही सांगितली जाते. तेराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा मुलूख एका वारली नायकाकडे होता. थळ घाटाजवळच्या मुकणे गावी जयबा नावाच्या महादेव कोळ्याची मातीची गढी होती. गॅझेटियर त्याला पौपेरा म्हणते. पिंपरीच्या देवस्थानी दर्शनाला गेला असता पाच कोळी भिक्षेकऱ्यांनी त्याला आशीर्वाद दिला आणि जव्हारचा राजा म्हणून मुजरा केला. जयबाने माणसे जमवली, पेठ आणि धरमपूरच्या बाजूने तो सुरतेपर्यंत गेला, पुढे काठेवाडात सात वर्षे राहिला. परत आल्यावर त्याने वारली नायकाकडे जमीन मागितली. किती? एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढी. नायक हो म्हणाला. जयबाने कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडली आणि त्या दोरीने नायकाच्या ठाण्यालाच वेढा घातला. शब्द दिलेला होता. वारली नायकाला गंभीरगड आणि भोवतालचा मुलूख देऊन वाटेला लावले.

भूमध्य समुद्राकाठी कार्थेज वसवणाऱ्या डायडो राणीचीही हीच कथा आहे: तेच बैलाचे कातडे, त्याच वाद्या, तोच शब्दात अडकलेला स्थानिक राजा. एकच कथा दोन टोकांना कशी उगवते याचा शोध लोककथेच्या अभ्यासकांनी घ्यावा. मला वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ही कथा जिंकणाऱ्याची आहे, तरी ती फसवणूक लपवत नाही. तलवार गाजवून राज्य मिळवले असे सांगणे सोपे होते. त्याऐवजी मुकण्यांची परंपरा सांगते की आमच्याआधी इथे वारली होते आणि आम्ही त्यांची जमीन युक्तीने घेतली. भाबडेपणाने म्हणा की प्रामाणिकपणाने, आधीच्या धन्याची आठवण या कथेने जपून ठेवली. वारली नायकाला गंभीरगडाची वाट चालताना काय वाटले असेल, ते मात्र कुणी लिहून ठेवले नाही.

जयबाचा मुलगा नीमशहा. दिल्लीच्या बादशहाने त्याला राजा हा किताब दिला, त्याची तारीख गॅझेटियर नेमकी देते: ५ जून १३४३. दिल्लीला तेव्हा मुहम्मद बिन तुघलक होता. या किताबाचे अप्रूप इतके की जव्हारने त्या दिवसापासून स्वतःचा शक सुरू केला आणि एकोणिसाव्या शतकातही दरबारी कागदांवर तो लिहिला जाई. राजांच्या नावापुढे ‘शहा’ लागू लागले. विक्रमशहा, पतंगशहा, कृष्णशहा अशी नावे पिढ्यान्‌पिढ्या आलटून-पालटून येत राहिली. भरभराटीच्या काळी या राज्यात २२ किल्ले होते आणि वर्षाचा वसूल ९ लाखांचा होता, असे गॅझेटियर सांगते.

एवढे छोटे राज्य टिकले कसे? तुघलक, बहमनी, गुजरातचे सुलतान, पोर्तुगीज, मोगल, मराठे, इंग्रज एवढ्या सत्ता आजूबाजूने आल्या आणि गेल्या. उत्तर जमिनीत आहे. सह्याद्रीचा घाटमाथा आणि समुद्रकाठची सपाटी यांच्या मधोमध हा डोंगराळ पट्टा. पाऊस बेफाम, चार महिने वाटा बंद. जंगल सागाचे, ऐनाचे, खैराचे. पीक म्हणजे भाताची थोडी खाचरे आणि उतारावर राब जाळून लावलेली नागली, वरई, खुरासणी. इथे फौज आणून ठेवायची तर ती पोसायला धान्य बाहेरून आणावे लागे. मोठ्या सत्तेला हा मुलूख हवा असे तो वाटेपुरता आणि वाट दाखवायला, राखायला डोंगरातलाच माणूस लागे. सपाटीवरची मोठी सत्ता अशा राजाला पुसून टाकण्याऐवजी किताब देऊन आपला म्हणून ठेवते. तिला ते स्वस्त पडते.

हाच व्यवहार हिंदुस्थानच्या पूर्वेला, ब्रह्मदेशाच्या डोंगरांतही चालू होता. तिथल्या शान लोकांची तीसहून अधिक संस्थाने होती. काही हजारो चौरस मैलांची, काही मोजक्या खेड्यांची. प्रत्येकाचा राजा साओफा, म्हणजे आकाशाचा धनी. बर्मी लोक त्यालाच सॉब्वा म्हणत. भातशेतीचे एखादे खोरे, मध्ये तटबंदीचे गाव, गावात लाकडी राजवाडा आणि भोवती डोंगरांत राहणाऱ्या वेगळ्या जमाती अशी त्यांची ठेवण. मंडालेचा राजा बलवान असला की नजराणा पोचवायचा, दुबळा झाला की आपल्या डोंगरात गप्प बसायचे. त्यांतल्या एका संस्थानाचे नाव मराठी माणसाच्या तोंडी रोज येते, फक्त त्याला ते ठाऊक नसते. शान भाषेत सीपॉ, बर्मी उच्चारात थीबॉ. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला राजपुत्र असताना याच संस्थानाच्या नावावरून किताब मिळाला होता. इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचे राज्य घेतले, त्याला रत्नागिरीला आणून ठेवले. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. रत्नागिरीचा थिबा राजवाडा म्हणजे एका दूरच्या शान गावाचे नाव कोकणातल्या टेकडीवर कोरलेले.

जव्हारकडे परत येऊ. सोळाव्या शतकात वसईपासून दमणपर्यंतचा किनारा पोर्तुगीजांनी घेतला आणि कोळ्यांशी त्यांची कायमची कुरबूर सुरू झाली. सपाटीवरची गावे पोर्तुगीजांची, पण रात्री डोंगर उतरून येणाऱ्यांचा बंदोबस्त त्यांना जमेना. शेजारच्या रामनगरच्या राजाला तर पोर्तुगीज दमण परगण्यातल्या गावांच्या वसुलाचा चौथा हिस्सा देत. मराठ्यांच्या इतिहासात पुढे इतका गाजलेला ‘चौथ’ हा शब्द याच डोंगराच्या पायथ्याशी आधीपासून रुळलेला होता.

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. तिकडे जाताना ते जव्हारवरून गेले, असे परंपरा सांगते. गावाबाहेर शिरपामाळ नावाची उंचवट्याची जागा आहे. तिथे विक्रमशहांनी महाराजांचे स्वागत केले, महाराजांनी त्यांना शिरपेच दिला आणि माळाला शिरपामाळ नाव पडले, ही जव्हारकरांची अत्यंत आवडती आठवण. माळावर उभे राहिले की खालचे दरीखोरे लांबवर दिसते आणि सुरतेची वाट इथून का जात असावी हे पटते. पण हीच कथा सांगताना पुढची आठ वर्षे सहसा गाळली जातात. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकले, खजिना घेतला आणि लगोलग रामनगर काबीज केले. रामनगर हाती येताच मराठ्यांनी पोर्तुगीजांकडे तिथल्या राजाचा चौथ मागितला: राज्य आमचे, तर हक्कही आमचा. शिरपेच देणारे हात आणि मुलूख घेणारे हात एकाच राज्याचे होते. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की महाराजांचे मोठेपण उणे होत नाही. डोंगरातल्या राजाला दर पिढीला किती नाजूक तोल सांभाळावा लागे, ते कळते.

पेशवाईत तोल सुटलाच. अठराव्या शतकात खंडणी वाढत गेली, सपाटीवरचे कसदार परगणे एकेक करून गेले आणि नऊ लाखांच्या जागी काही हजारांचा वसूल उरला. इंग्रज आले तेव्हा राज्य डोंगरापुरते आक्रसलेले होते. पुढे ते तेवढेच राहिले: ३१० चौरस मैल, म्हणजे सुमारे ८०० चौरस किलोमीटर. आजच्या बृहन्मुंबईपेक्षा मोठेच! पण १९०१ च्या शिरगणतीत त्यात माणसे होती ४७,५३८ आणि खुद्द जव्हार गावात साडेतीन हजार. राजाला नऊ तोफांची सलामी होती.

या काळातला जव्हार आणि ठाण्याचा संबंध फार जवळचा. संस्थानावर लक्ष ठेवणारा पोलिटिकल एजंट म्हणजे ठाण्याचा कलेक्टर. दत्तक, राज्यकारभार, जंगलाचे उत्पन्न अशा प्रश्नांचे कागद घाट उतरून ठाण्याला यायचे आणि तिथला शेरा घेऊन परत वर चढायचे. त्याच ठाण्याच्या तुरुंगात २ मे १८४८ रोजी राघोजी भांगरे यांना फाशी दिली गेली. तेही महादेव कोळीच, अकोले तालुक्याच्या बाजूचे. सावकार आणि सरकार यांच्याविरुद्ध उठलेले. एकाच जमातीच्या एका घराला तोफांची सलामी आणि दुसऱ्या घराच्या मुलाला फास, ही दोन्ही कामे एकाच जिल्ह्याच्या गावाहून चालत होती. इंग्रजी राज्याने डोंगर कसा बांधून ठेवला, हे समजायला मला दुसरा दाखला लागत नाही.

गाव मात्र याच काळात गाव झाले. जव्हारची नगरपालिका १९१८ मधली. आसपासच्या कितीतरी मोठ्या गावांना तेव्हा ती नव्हती. जुन्या राजवाड्याभोवती बाजारपेठ वसली. व्यापारी, कारकून, वकील, शिक्षक खालून आले. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी बाजाराच्या दिवशी पाड्यांवरून डोक्यावर मोळ्या आणि टोपल्या घेऊन येत. जयसागर तलावाने गावाला पाणी दिले. शेवटचे राजे यशवंतराव यांच्या काळात नवा राजवाडा, जयविलास, उभा राहिला. युरोपी धाटणीचे खांब, वर घुमट, भोवती काजू-आंब्याची झाडी. मुंबईच्या माणसाला तो परका वाटत नाही; नवल वाटते ते इतक्या दगडाला या डोंगरावर आणण्याचे.

जव्हारचा दसरा अजून नाव राखून आहे. दसऱ्याच्याच सुमारास शाह सद्रुद्दीन चिश्ती यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो आणि दोन्ही गर्दी एकमेकींत मिसळतात. पण या मुलखाचा खरा उत्सव पाहायचा तर बोहाडा पाहावा. उन्हाळ्याच्या तोंडाशी, भातकापणी-झोडणीची कामे उरकली की गावोगाव रात्री जागतात. गणपती, सरस्वती, नृसिंह, रावण, नाना दैवते आणि शेवटी जगदंबा. एकेक मुखवटा चढवून माणसे संबळाच्या तालावर टेंभ्यांच्या उजेडात नाचत येतात. अमुक सोंग अमुक घराण्याने नाचवायचे असा मान ठरलेला असतो आणि तो मान सोडायला कुणी तयार नसतो. मुंबईला मजुरीला गेलेला माणूस त्या एका रात्रीसाठी गावी परततो. राजाचा दरबार गेला तरी मानाची ही वाटणी गेली नाही.

राजवाड्याच्या बाहेरचे जगणे कसे होते? राजा आदिवासी होता म्हणून प्रजा सुखी होती, असे म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे. मुंबई सरकारच्या वतीने सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस डोंगरी जमातींची पाहणी केली. ठाणे जिल्ह्यातले कर्ज, वेठबिगार, जंगल कंत्राटदार आणि जमीनदार यांची जी स्थिती त्याने मांडली, ती वाचवत नाही. वारल्यांची लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या गडी म्हणून राबणारी कुटुंबे, लग्नगडी, ही त्याच मुलखाची गोष्ट. जानेवारी १९४५ मध्ये कल्याणजवळ टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, तिला उंबरगाव-डहाणूकडचे वारली आले. तिथून शामराव आणि गोदावरी परुळेकर वारल्यांच्या पाड्यांत गेले. मे महिन्यात झरीच्या सभेत वेठीला नकार ठरला आणि ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. माणसे मेली. तलवाडा जव्हारपासून फार लांब नाही. सहाशे वर्षांपूर्वी कातड्याच्या दोरीबाहेर गेलेले लोक आपली जमीन आणि आपले श्रम परत मागू लागले होते, आणि राज्याच्या अखेरच्या दिवसांत कानावर येत होती ती ही हाक.

१९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि ठाणे जिल्ह्याचा तालुका बनले. यशवंतराव मुकणे तेव्हा तिशीत होते. १९२७ मध्ये बालवयातच त्यांच्याकडे गादी आली होती. शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि पुढे इंग्लंडात झाले, दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात होते. सही केली, सत्ता सोडली आणि ते लोकांमध्ये मिसळले. १९६२ मध्ये भिवंडी मतदारसंघातून ते काँग्रेसचे खासदार म्हणून लोकसभेत गेले. ज्या प्रजेचे राजे होते, तिच्याच दारात मते मागायला जाणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. १९७८ मध्ये ते वारले.

याच १९६२ सालाशी सीपॉचा शेवट येऊन भिडतो. शान राजांनीही आपली वंशपरंपरागत सत्ता १९५९ मध्ये तौंजी येथे सह्या करून सोडली होती. सीपॉचा तरुण साओफा साओ क्या सेंग अमेरिकेत, कोलोरॅडोला, खाणकामाचे शिक्षण घेऊन आलेला. भातजमिनी कसणाऱ्यांना देऊन टाकणारा. २ मार्च १९६२ रोजी ब्रह्मदेशात लष्कराने सत्ता घेतली, त्याला पकडले आणि तो पुन्हा कुणाला दिसला नाही. त्याची ऑस्ट्रियन पत्नी इंगे दोन लहान मुलींना घेऊन देश सोडून गेली आणि नवऱ्याचे काय झाले, याचे उत्तर आयुष्यभर मागत राहिली. दोघे डोंगरी राजे एकाच पिढीचे. दोघांनी सही करून राज्य सोडलेले. त्या एका वर्षात एक जण दिल्लीला लोकसभेत जाऊन बसला आणि दुसऱ्याला थडगेही मिळाले नाही. आपल्याकडे संस्थानांच्या विलीनीकरणाचे श्रेय सरदार पटेलांना देतात, ते योग्यच आहे. पण सही केलेल्या माणसाला त्यानंतर नागरिक म्हणून जगू देणारे राज्य मागे उभे होते, हेही तितकेच मोठे आहे.

तरी जव्हारच्या डोंगराला नव्या राज्याने लगेच पोटभर दिले असे नाही. १९९२-९३ मध्ये तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने शंभराहून अधिक बालके दगावली. सारा महाराष्ट्र हादरला. मंत्री आले, जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय आले, योजना आल्या. १९९९ मध्ये जव्हारचा तालुका तोडून विक्रमगड तालुका झाला. जुन्या राजाचे नाव तेवढे नकाशावर राहिले. ठाणे जिल्ह्याच्या विभाजनाची चर्चा सुरू झाली तेव्हा जव्हारकरांनी मुख्यालय आपल्याकडे मागितले. गरज डोंगराची आहे, कचेऱ्यांच्या इमारतींना जागा आहे, हे गाव पूर्वी राजधानी होतेच, असे त्यांचे म्हणणे होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी नवा जिल्हा झाला आणि मुख्यालय गेले रेल्वेकाठच्या पालघरला. त्या दिवशी ठाण्याशी असलेला जव्हारचा पावणेदोनशे वर्षांहून जुना कागदोपत्री संबंध संपला.

माणसांचा संबंध चालू आहे. दिवाळी झाली, नागली घरात आली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांना कुलपे लागतात. भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि लहान मुले घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे घाट उतरतात, भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर, ठाण्या-कल्याणच्या बांधकामांवर जातात. वीस-बावीस मजली इमारतींच्या पायाशी ती गवताची, ताडपत्रीची खोपटे बांधतात आणि बोहाड्याची रात्र जवळ आली की एसटीत आपले बोचके चढवून परत वर जातात.